चालतंय की, पण घेत नाही

दहा रुपयांचं नाणं पुण्यात स्वारगेटला दहा रुपयांना जातं. शिरवळलाही जातं. खंबाटकीचा घाट चढताना त्याची प्रकृती ठणठणीत असते. घाट उतरून ते साताऱ्याला पोवई नाक्यावर पोचलं, की मात्र त्याचा बिल्ला होतो. तुम्ही ते पुढे करता. समोरचा त्याला हातसुद्धा लावत नाही, हनुवटीनंच परत करतो.

"हे न्हाई चालत आमच्याकडं."

"का वो? सरकारी आहे की."

"सरकारी आहे, पण पुढं कोण घेत न्हाई."

मग त्या पुढच्याकडं जावं. तोही म्हणतो, आपली काही हरकत नाही, पण पुढं कोण घेत नाही. असं उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीच्या मारुती रोडपर्यंत विचारत गेलं, तरी नाण्याबद्दल वाईट बोलणारा एक माणूस भेटत नाही. सगळ्यांना नाणं मान्य आहे. फक्त पुढच्याला नाही. दोन जिल्ह्यांचा चिल्लर व्यवहार अडवून बसलेला हा पुढचा माणूस राहतो कुठं, करतो काय, त्याला गल्ला तरी आहे का, कुणालाच ठाऊक नाही. मला वाटतं तो कृष्णेच्या पलीकडं असावा, आणि त्याला गाठलंच तर तो म्हणेल, "मी घेईन वो, पण पुढं कर्नाटक आहे."

रिझर्व्ह बँकेनं आपल्याकडून कसर ठेवलेली नाही. १७ जानेवारी २०१८ ला तिनं पत्रक काढून सांगितलं की दहाची नाणी आजवर १४ प्रकारच्या नक्षीत निघाली आहेत आणि चौदाही खरी आहेत. १४४४० हा क्रमांकही दिला. त्यावर फोन लावला की तो तुटतो आणि पलीकडून तुम्हालाच फोन येऊन नाण्यांची माहिती ऐकवली जाते. देशाच्या मध्यवर्ती बँकेला मिस्ड कॉलच्या धंद्यात उतरवणारं हे पहिलंच चलन असावं. पण चहाच्या टपरीवरचं शास्त्र रिझर्व्ह बँकेच्या पुढं गेलेलं होतं. तिथं नाण्यावरच्या रेघा मोजल्या जात. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं. आता हे चिन्ह सरकारनं स्वीकारलं २०१० मध्ये, आणि दहाची नाणी बाजारात आली त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे ज्यांच्यावर चिन्ह नाही ती फक्त वयानं मोठी आहेत. आधार कार्ड नाही म्हणून पणजोबांना बनावट ठरवावं तसा हा प्रकार. उत्तरेत तर पिलिभीतच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये नाणं नाकारणाऱ्यावर राजद्रोहाचा गुन्हा घालू असा दम दिला होता. आपल्याकडं दम देण्याची वेळ आली नाही, कारण आपल्याकडं नाकारतं कोण? पुढचा.

या विषयावर आमच्या घराण्यात अधिकारवाणीनं बोलणारा एकच माणूस आहे, आमचे सांगलीचे मामा. ते कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले. कोर्टात हुकूमनाम्याचे पैसे जमा होतात, ते मोजून, पावती फाडून, तिजोरीत टाकून पुन्हा ज्याचे त्याला देतो तो नाझर. आयुष्यभर दुसऱ्याचा पैसा मोजल्यामुळं मामांच्या बोटांना एक प्रकारचं वैराग्य आलेलं आहे. नोटांची चवड ते बघूनच सांगतात, एक कमी आहे. आणि ती असते.

त्यांच्यापुढं मी दहाच्या नाण्याची तक्रार मांडली. मामांनी चष्मा काढला.

"आधी मला सांग, देणं झालं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू त्याचं काही लागत होतास का? का नुसताच गिऱ्हाईक म्हणून उभा होतास?"

मामांच्या मते सगळी गंमत इथं आहे. रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम २६ सांगतं की नोट भारतात कुठंही देणं फेडायला चालेल. नाणे कायदा २०११ चं कलम ६ नाण्यांबद्दल तेच सांगतं. दोन्हीकडं विषय देण्याघेण्याचा आहे. दुकानदारानं तुम्हाला माल विकलाच पाहिजे असं त्यांत कुठंही नाही. साताऱ्याला मोती चौकात तुम्ही कंदी पेढे मागितले आणि तोलायच्या आधीच दुकानदार म्हणाला, "फक्त स्कॅनर," तर तुम्ही त्याचे ऋणको नाही आणि तो तुमचा धनको नाही. दोघेही मोकळे. पेढे कपाटात, नाणं खिशात. पण तेच तुम्ही मिसळीच्या हॉटेलात बसलात, तर्री मागितली, पाव दोनदा मागितला, वर ताक प्यायलात आणि मग उठलात, की आता देणं झालं. आता मालकाला दहाची नाणी घेणं भाग आहे. भिंतीवर आधीच ठळक पाटी असेल तर वकिलाला वाद घालायला जागा आहे, असंही मामा म्हणाले. पण पाटी तर्रीच्या डागाखाली झाकलेली असेल तर तीही नाही.

म्हणजे आपल्याकडं कायदेशीर चलनाची सुरुवात घास गिळल्यावर होते.

यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो आणि तो मामांनी डोळे मिटून काढला. किराणा दुकानात जो रोखीनं घ्यायला येतो त्याची नाणी दुकानदार नाकारू शकतो, कारण व्यवहार अजून व्हायचा आहे. पण महिनाभर वहीत नाव लिहून साखर, चहापूड, शेंगदाणे नेलेला जो उधारीवाला आहे, तो महिन्याच्या शेवटी चिल्लर घेऊन आला तर त्याला नाकारता येत नाही. त्याचं देणं पिकलेलं आहे! "आज रोख उद्या उधार" ही पाटी लावणारे दुकानदार कायद्याच्या दृष्टीनं किती पोचलेले होते हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ती विनोदी समजत होतो.

अर्थात उधारीवाल्यालाही मोकळं रान नाही. एक रुपया किंवा त्याहून मोठ्या किमतीची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच देता येतात. त्यापुढं घ्यायची की नाही ही घेणाऱ्याची मर्जी. आठ आणे दहा रुपयांपर्यंत, म्हणजे वीस नाणी. आणि "इतर कुठलंही नाणं" एक रुपयापर्यंत. या इतरांची हकीगत हृदयद्रावक आहे. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली, आणि नाणे कायदा अमलात आला २०१२ च्या मार्चमध्ये. म्हणजे पोरकी नाणी सांभाळायला कलम आलं ते त्यांच्या वर्षश्राद्धाच्या बेतात. त्याच कायद्यात नाण्याची व्याख्या अशी आहे की तीत एक रुपयाची नोटही बसते. ती कागदाची आहे, तिच्यावर गव्हर्नरची नाही तर अर्थसचिवांची सही असते, आणि कायद्यानं ती नाणं आहे. लग्नात एकच्या कोऱ्या नोटांचं बंडल मिरवणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. हजाराच्या पुढं गेलं की ती सगळी चिल्लर.

हजार रुपयांची मर्यादा सरकारनं का घातली असेल हे वजनकाट्यावर समजतं. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा. म्हणजे हजार रुपये झाले पावणेचार किलोचे. दहा हजारांना अडतीस किलो. तेवढं पोतं पाठीवर मारायला हमालच लागेल, आणि त्याची हमाली तो नोटेत मागेल. इतर देशांनीही हा त्रास ओळखलेला आहे. युरोत एका वेळी पन्नासाहून जास्त नाणी घेण्याची सक्ती नाही, जपानात एका किमतीची वीस, आणि इंग्लंडात एक-दोन पेन्सांची तांबडी नाणी वीस पेन्सांपर्यंतच. ज्या साहेबानं आपल्यासाठी आणे-पै पाडले, त्याचा स्वतःच्या चिल्लरीवरचा विश्वास हा एवढा.

पोत्यानं चिल्लर आणणारा माणूस सहसा गरीब नसतो. तो रागावलेला असतो. मामांनी नोकरीत असे पुष्कळ पाहिले. भाऊबंदकीच्या दाव्यात हरलेला माणूस हुकूमनाम्याची रक्कम नोटांत आणून देऊ शकतो, पण त्यात हरल्याची चव राहते. तीच रक्कम एक-एकच्या नाण्यांत आणली की निदान नाझर तरी हरतो. जयपूरच्या कौटुंबिक न्यायालयात जून २०२३ मध्ये एक पतिराज बायकोच्या थकलेल्या पोटगीचे पंचावन्न हजार रुपये सात पोत्यांत नाणी भरून घेऊन आले. बायकोच्या वकिलांनी हा छळ आहे असं म्हटलं, नवऱ्याच्या बाजूनं हे सरकारी चलन आहे असं म्हटलं, आणि दोघांचंही खरं होतं. न्यायालयानं तोड काढली ती नाझराला शोभणारी: ज्यानं आणली त्यानंच मोजायची, हजार-हजारच्या पिशव्या करायच्या आणि मग द्यायची. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०२१ मध्ये एका गॅरेजवाल्यानं सोडून गेलेल्या कामगाराचा शेवटचा पगार, ९१५ डॉलर, तेलकट पेन्यांत त्याच्या दारात ओतला. साडेएक्याण्णव हजार पेन्या. पुढं तिथल्या श्रम खात्यानं दावा लावला आणि त्या मालकाला सुमारे चाळीस हजार डॉलर भरावे लागले. ते त्यानं कशात भरले हे कळलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडं निवडणुकीची अनामत नाण्यांत भरणारे उमेदवार असतात. ते मात्र रागावलेले नसतात, त्यांना फोटो हवा असतो. अर्ज मागं घेण्याच्या दिवशी नाणी मोजून झालेली असतात आणि उमेदवाराचा उत्साहही.

या सगळ्यात एक गृहीत आहे, की धनकोला पैसे हवे असतात. मामा म्हणाले, "तिथंच तर तुम्ही लोक फसता. पैसे नको असलेला धनको हा सगळ्यांत वाईट."

साताऱ्याच्या वारांच्या नावाच्या पेठांत जुने वाडे आहेत आणि त्यांत तसेच जुने भाडेकरू. बारा रुपये भाडं, आजोबांच्या वेळचं. मालकाला ते बारा रुपये नको असतात. त्याला खोली हवी असते. भाडं घेतलं की भाडेकरू कायम, नाकारलं की "थकबाकीदार" म्हणून दावा. भाडेकरू त्याहून वस्ताद. तो दर महिन्याला बारा रुपयांची मनिऑर्डर करायचा. एकाच वाड्यात, एकाच जिन्याखाली राहणाऱ्या दोन माणसांमध्ये पोस्टमन पैसे घेऊन यायचा, मालक "नाकारली" असा शेरा मारून घ्यायचा, आणि तीच मनिऑर्डर चार पावलं चालून भाडेकरूकडं परत जायची. भाडेकरू ती पावती देवघरात ठेवायचा. पुढं दिवाणी कोर्टात त्या पावत्यांचा जो गठ्ठा उघडायचा, त्यानं मालकाचा वकील खाली बसायचा. बारा रुपयांपायी त्या काळात टपाल खात्यानं किती जिने चढले असतील! आणि ही काही कुणी काढलेली युक्ती नव्हे. करार कायदा १८७२ च्या अडतिसाव्या कलमातच आहे: योग्य वेळी, योग्य ठिकाणी, बिनशर्त पैसे पुढं केले आणि समोरच्यानं घेतले नाहीत, तर न दिल्याचं पाप देणाऱ्याला लागत नाही.

बारा रुपयांच्या जागी दोन एकर मळा घाला, म्हणजे हसू जरा कमी होतं. गहाण जमीन सोडवायला शेतकरी पैसे घेऊन सावकाराच्या ओसरीवर जाई आणि सावकार म्हणे, "असू दे रे, एवढी काय घाई." कारण घाई त्याला नसे, व्याजाला असे. किंवा पैसे घेई आणि खतावर जमा लिहायला विसरे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली, ते दंगे आपण दख्खनचे म्हणून ओळखतो. पुणे-नगरकडचा तो वणवा. पण त्याच वर्षी सप्टेंबरात एक ठिणगी पार दक्षिणेला पडली. ते गाव कोकरूड. तेव्हा सातारा जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात, आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात. तिथं शंभरेक माणसं एका बड्या सावकाराच्या घरात शिरली ती रोकड शोधत नव्हती, कागद शोधत होती. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्यातलं एक कलम मामांना पाठ आहे: शेतकऱ्यानं पैसे दिले की त्यानं मागो न मागो, लेखी पावती द्यायचीच. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं सांगितलं, गहाण घेणारा पैसे घेत नसेल तर कोर्टात भरा. व्याज तिथं थांबेल. म्हणजे कोर्टानं नाझर ठेवला तो पैसे मोजायला कमी आणि पैसे नको म्हणणाऱ्याचे पैसे सांभाळायला जास्त. मामांच्या नोकरीचं मूळ कोकरूडपर्यंत जातं, हे सांगताना त्यांचा आवाज जरा जड झाला. मामींनी चहा आणला म्हणून बरं झालं.

त्याआधी पेशवाईत तर पैसा "चालतो" की नाही हा प्रश्न रोजचाच होता. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, बागलकोटचा मल्हारशाही. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. करार करतानाच लिहायचं, कोणत्या रुपयांत फेडणार. दुसरा आणलात तर सराफ तो दगडावर वाजवणार, नखानं खरवडणार, आणि बट्टा कापणार. तेव्हा नाणं नाकारणाऱ्याला निदान कारण द्यावं लागे. साहेबाच्या १९०६ च्या कायद्यानं रुपया आणि अधेली कितीही घ्या म्हणून सांगितलं, पण पावली एक रुपयापर्यंतच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि एका आण्याचे सव्वासहा पैसे झाले. त्या पाव पैशावरून मंडईत झालेली भांडणं आमच्या आजीला नावागावासकट आठवत होती.

आणि गंमत बघा, नाणं नाण्याच्या जागी कशामुळं उभं राहतं, यावर लंडनला जाऊन प्रबंध लिहिणारा विद्वान शिकायला लागला तो साताऱ्यातच. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. त्यांचा "रुपयाचा प्रश्न" हा इंग्रजी ग्रंथ १९२३ चा; पुढं हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी साक्ष दिली आणि त्याच आयोगाच्या शिफारशीतून १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली. त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आज त्याच रिझर्व्ह बँकेनं चलनात आणलेलं नाणं कुणी घेत नाही. रुपयाचा प्रश्न सुटला असेल. दहा रुपयांचा बाकी आहे.

चिल्लर खरोखर कुणाकडं जाते म्हणाल, तर पिग्मी एजंटाकडं. संध्याकाळी सायकलीवर किंवा मोपेडवर फिरणारा हा प्राणी सांगली-साताऱ्याच्या पतसंस्थांचा कणा. पानवाला, इस्त्रीवाला, भडंगवाला दिवसाअखेर त्याच्या हातात नाणी ओततात. तो घेतो, कारण त्याला कमिशन आहे. तो ती पतसंस्थेत ओततो. पतसंस्था बँकेत नेते, आणि बँकेचा रोखपाल त्या पिशवीकडं असा बघतो की जणू तीत जिवंत काहीतरी आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकांना बजावलं, सगळी नाणी घ्या. एक आणि दोनची तर वजनावर घेतलीत तरी चालेल, नाहीतर शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद वजनावर जाते, गूळ वजनावर जातो, बेदाणा वजनावर जातो. रुपयाही आता त्याच रांगेत. फक्त त्याच्यावर बोली लावायला कुणी येत नाही.

पण नकाराचं सगळ्यांत मोठं उदाहरण नाण्यांचं नाही, नोटांचं आहे, आणि ते पचवायला अजून जड जातं. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना सांगण्यात आलं, तुम्ही जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत. चार दिवस घेतल्या होत्या त्या भरायला जून २०१७ पर्यंत थांबावं लागलं. आणि नोटबंदीच्या रात्री ज्या नोटा तिजोरीत आधीच होत्या, त्यांचं तेव्हाही घोडं अडलंच. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांचे मिळून ११२ कोटी. त्यांत सांगलीच्या बँकेचे १४ कोटी ७२ लाख. पुढं नाबार्डनं सांगितलं, ही रक्कम तोट्यात दाखवा. म्हणजे ज्या कागदावर धारकाला पैसे देण्याचं वचन छापलेलं, त्याची धारक खुद्द बँक, वचन देणाराही बँकच, आणि तरी "पुढं कोण घेत न्हाई!" टपरीवाल्याला आपण उगीच हसत होतो.

दोन हजारच्या नोटेचं दुखणं त्याहून नाजूक. १९ मे २०२३ ला ती चलनातून मागं घेतली, पण कायदेशीर चलन म्हणून ती शाबूत आहे. म्हणजे हळकुंडाच्या डब्यात सापडलेली दोन हजारची नोट घेऊन तुम्ही देणं फेडायला गेलात तर कायदा तुमच्या बाजूनं आणि बाकी सगळे समोर. ती बदलून घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या देशभरातल्या एकोणीस कार्यालयांपैकी एक गाठायचं, नाहीतर टपालानं पाठवायची. सांगलीतून मुंबईला जाऊन येण्याच्या खर्चात त्या नोटेतलं किती उरतं, हा हिशेब मामींनी केला आणि नोट परत हळकुंडात ठेवली.

आता सरकार स्वतः धनको असतं तेव्हा काय करतं ते बघा. महावितरणनं १ ऑगस्ट २०२३ पासून महिन्याला पाच हजारांच्या वरचं वीजबिल रोखीनं घेणं बंद केलं; शेतकऱ्याला दहा हजारांपर्यंत मुभा. आणि वीज तर जाळून झालेली असते! मिसळ खाऊन झालेली असते तशी. तासवड्याच्या टोलनाक्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम असा झाला, की फास्टॅग नसेल आणि रोख पुढं केलीत तर दुप्पट. यूपीआयनं दिलात तर सव्वापट. कायदेशीर चलनाला दंड आणि मोबाइलला सवलत. आयकर खातं तर म्हणतं, वीस हजार किंवा वर उसनवारी रोखीनं घ्यायची नाही आणि रोखीनं फेडायचीही नाही. मी मामांना म्हटलं, मग कलम २६ चं काय? मामा बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. "कलम आहे," ते म्हणाले. "चालतंय."

त्यांच्या या उदासपणाला घरगुती कारण होतं. गेल्या वर्षी जावईबापूंनी मामांकडून एकोणीस हजार हातउसने नेले. एकोणीसच का, तर वीसला आयकर आडवा येतो. मामांनी नियम पाळून नोटा मोजून दिल्या. महिन्याच्या बोलीवर. जावयाला मागायचं कसं? मामांनी आपल्या परीनं वाट मोकळी केली. दिवाळीत सगळ्यांसमक्ष जाहीर केलं की आपण नोटा घेऊ, नाणी घेऊ, हजारच्या वर घेऊ, दहाची तर आनंदानं घेऊ.

जावईबापू म्हणाले, "मामा, रोख कोण बाळगतंय आता? स्कॅनर पाठवा, आत्ता टाकतो."

मामांचा फोन बटणांचा. स्कॅनर कुठला?

"बघा हं," जावईबापू शंकरपाळी उचलत म्हणाले, "मी द्यायला तयार आहे. योग्य वेळी, योग्य ठिकाणी, बिनशर्त. तुम्हाला घेता येत नाही. तुम्हीच सांगता ना, मग न दिल्याचं पाप देणाऱ्याला लागत नाही म्हणून?"

यूपीआय हे कायद्यानं नोट नव्हे आणि नाणंही नव्हे, त्यामुळं ही तयारी तयारीच नव्हे, असं खणखणीत उत्तर मामांच्या जिभेवर आलं होतं. मामींनी एकदा बघितलं. उत्तर परत गेलं.

दुसऱ्या दिवशी मामा रोकड पिशवीत घालून हरभट रोडला मोबाइल घ्यायला गेले. बरोबर मी होतो. विक्रेत्या पोरानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, रोख कशाला देताय? रोखीला सूट न्हाई. हप्त्यावर घ्या, दोन हजार कमी होतील."

"पण माझ्याकडं पैसे आहेत."

"असू दे की. राहू दे तुमच्याकडंच."

फोन अजून खोक्यात होता. देणं झालेलं नव्हतं. पोराची मर्जी. मामांनी गुपचूप हप्त्यांचा अर्ज ओढला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर ओळखीच्या पतदार माणसाचं नाव मागितलं होतं. मामांनी घरी फोन लावून मामींना विचारलं, कुणाचं घालू?

मामी म्हणाल्या, "जावईबापूंचं घाला. त्यांना बरं वाटंल."